माघार

नानासो : खोटं बोला असं मी म्हणतच न्हाई, वहिनी. साहेब विचारतील तेवढंच सांगायचं. पोराचा फोन आला हुता, ख्यालीखुशाली विचारली, ठेवला. बास.

सुलाबाई : ख्यालीखुशाली.

नानासो : व्हय. रोजच करायचा की फोन.

सुलाबाई : रोज सांजच्याला करायचा. त्या दिशी सकाळी केला.

अर्जुना : सुले, आदी वस्तादास्नी टेकू तरी दे. कोरेगावापास्नं आटपाडीपतोर एकल्यानं गाडी मारत आल्यात. हाताच्या पट्ट्या बी सुटल्या न्हाईत अजून.

सुलाबाई : मी कुटं नको म्हनतीया? बसा नाना. घोंगड्यावर बसतासा का खुर्ची आनू?

नानासो : घोंगडंच बरं. ह्या घरात मला खुर्ची कवा लागली? ड्रायव्हर मुद्दामच आणला न्हाई. काल तेराव्याला आलो, तवा माणसं हुती, बोलता आलं न्हाई. ही गोष्ट आपल्या तिघांतच ऱ्हायला पायजे.

अर्जुना : सांगा की.

नानासो : उद्या सकाळी दोन साहेब येणार हायत. विमान पडलं की सरकार चौकशी करतं, ती ही. माझा जबाब झाला. विमानाच्या कारखान्यातल्या पोरांचे झाले. आता घरच्यांचा. धनाजीच्या मोबाइलवरनं शेवटचा फोन ह्या घरात आलाय, एवढं त्यांना कळलंय. ते विचारणार, उडायच्या आधी पोरगा काय बोलला.

अर्जुना : मग आमी काय सांगायचं त्ये तुमी सांगा.

सुलाबाई : बगा. पुरतं ऐकायच्या आदीच मान डोलावली.

नानासो : तुमचा राग मला कळतोय, वहिनी.

सुलाबाई : राग न्हाई. रागाला बी अंगात काय तरी लागतंय. मला येवडंच सांगा, त्यो फोनवर काय बोलला त्ये तुमास्नी कुनी सांगितलं?

नानासो : कुणीच न्हाई. अंदाज हाय माझा.

सुलाबाई : कशावरनं?

नानासो : त्याच्या आधी तो मला बोलला हुता, त्यावरनं.

सुलाबाई : काय?

अर्जुना : ऱ्हाऊ द्या वस्ताद. कशाला खपली काढायची.

सुलाबाई : आवं, तुमी गप बसा. खपली धरायला जखम मिटावी लागती. बोला नाना. आईला हक हाय का न्हाई त्येवडा?

नानासो : हाय. तुमच्यापासनं काय लपवायचं. त्या दिवशी पाहुणे आले हुते, विमान शिकवणाऱ्या शाळांचे. त्यांना आपल्या कारखान्याचं तीन नंबरचं विमान ह्या माळावरच्या धावपट्टीवरनं उडताना बघायचं हुतं. ते मांडवात नाष्टा करत बसले, आणि धनाजी धावपट्टीवर एक चक्कर मारून आला, न उडवता. मला बाजूला घेतलं. म्हणाला, वस्ताद, शेपटाला हादरा बसतोय. आज नको. शेपूट खोलून बघू, मग उडवू.

सुलाबाई : आज नको म्हनला.

नानासो : म्हणाला.

सुलाबाई : आनि तुमी?

नानासो : मी त्याच्या पाठीवर थाप टाकली. म्हटलं, पहिल्या मोठ्या कुस्तीला सगळ्यांच्याच मांड्या लटपटतात. एकदा शड्डू ठोकला की जातं.

सुलाबाई : त्यो मांड्यांचं बोलत हुता का?

नानासो : न्हाई. तो म्हणाला, मला भ्या न्हाई वाटत वस्ताद, मी विमानाचं सांगतोय.

सुलाबाई : मग?

नानासो : मग काय वहिनी. भ्यालेला गडी असंच बोलतो. सारा जन्म तालमीत गेला माझा. मैदानाच्या दिवशीच एकेकाचं दुखणं निघतं. कुणाचा गुडघा, कुणाचा ताप, कुणाचं पोट. तवा वस्तादानं ऐकायचं नसतं, ढकलायचं असतं. ढकललं की तेच पोरगं कुस्ती मारून येतं आणि पाया पडतं. माझ्या वस्तादानं मला असंच ढकललं. मी अर्जुनाला ढकललं. कवा चुकलं न्हाई.

सुलाबाई : ह्यांच्या वक्ताला चुकलं न्हाई?

अर्जुना : सुले, त्यो इषय काडू नको.

सुलाबाई : का? हात वर करा जरा. करा की. छपराचं आडं धरायला बी हात पोचत न्हाई ह्यांचा. धना ल्हान हुता तवा त्येला खांद्यावर घेता आलं न्हाई ह्यास्नी. जत्रंत समदी बापं पोरास्नी खांद्यावर घिऊन तमाशा बगायची, माजा धना मानसांच्या पायातनं बगायचा.

अर्जुना : सांगलीच्या मैदानात निखळल्याला खांदा बांदून उतरलो हुतो मी. वस्तादानं जोड लावली हुती, समोरच्याच्या हातात हात दिला हुता. हात दिल्यावं माघार न्हाई. कुस्ती मारली मी. फेटा बांदला, हालगी लावून मिरवलं. तुला त्यातलं काय कळनार.

सुलाबाई : मला कळत न्हाई म्हनूनच इच्यारते. नाना, तुमी ह्ये समदं तुमच्या जबाबात सांगितलंसा का? शेपटाचं?

नानासो : न्हाई.

सुलाबाई : मग काय सांगितलंसा?

नानासो : उडायच्या आधी विमान तपासलं हुतं, पोरगा तयार हुता, असं.

सुलाबाई : मग पडलं कशानं म्हनं?

नानासो : ते ठरवतील ते.

सुलाबाई : तुमास्नी म्हाईत असंल की, काय ठरवत्यात.

नानासो : वळण घेताना विमान लय खाली आलं हुतं. सावरायला उंची उरली न्हाई. शेपूट जळून गेलंय, त्यातनं काय निघंल असं वाटत न्हाई. तर ते बहुतेक असं लिहितील की वैमानिकाचा अंदाज चुकला.

सुलाबाई : वैमानिक म्हंजी धना.

नानासो : कागदावरची भाषा असती ती, वहिनी.

सुलाबाई : कागदावर ऱ्हातंय त्येच ऱ्हातंय. म्हंजी माजा ल्योक चुकला. समद्यास्नी दिसंल असं ल्हिवनार, धनाजी अर्जुना, आटपाडीचा, ह्येला इमान चालवता आलं न्हाई. आनि आमी दोगं आईबाप म्हननार, व्हय सायब, त्यो ख्यालीखुशाली इच्यारत हुता.

नानासो : ह्यात त्याची बदनामी व्हावी असं मला वाटंल का? तुमच्या पोटचा हुता, पण आठवीपासनं माझ्याकडं वाढला. त्याला खुराक मी घातला. विमान शिकायला बाहेर मी धाडला. माझ्या पोरीला, राजेश्वरीला, आणि त्याला मी एका ताटात जेवू घातलं. ती पोरगी आता माझ्याशी बोलत न्हाई. विमानाची सगळी आखणी तिची. त्या दिवशी पुण्याला गेली हुती, नायतर तिनं उडवू दिलं नसतं, हे ती न बोलता बोलतीया. घरात नुसतं ताट ठेवती आणि जाती.

सुलाबाई : तिचं बरोबर हाय.

नानासो : असंल. मी न्हाई कुठं म्हणतोय? पण जरा माझी बाजू बघा. कोरेगावात आमचा ऊस हुता. तो लावत बसलो असतो तर सुखात मेलो असतो. हवाईदलात गेलो, विमानाच्या पोटात हात घालून शिकलो. सकाळी मेहनत, दिवसभर विमानं, संध्याकाळी कुस्ती. परत आलो आणि उसाच्या रानात पत्र्याची शेड टाकली, तवा सगळा गाव हसला. पैलवानाची अक्कल गुडघ्यात म्हणायचे. विमान करणार म्हणे, आधी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तरी बसवून दाखव म्हणायचे. हसणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ हुता. पहिलं विमान ह्याच माळावरनं उडालं, तवा त्यानंच पेढे वाटले. आज त्या शेडचा कारखाना झालाय. तालमीतली किती पोरं तिथं पोटाला लागलीत.

सुलाबाई : त्ये खरं हाय. त्ये मी न्हाई म्हनत न्हाई.

नानासो : मालकाला आधी सांगितलं हुतं आणि तरी मालकानं उडवायला लावलं, असं एकदा लिहिलं गेलं, की परवाना गेला. कारखान्याला कुलूप. माझ्यावर खटला. मला जेलची भीती न्हाई, वहिनी. जेलात बी जोर काढीन मी.

सुलाबाई : मग कशाची हाय?

नानासो : खरं सांगू?

सुलाबाई : आता तरी सांगा.

नानासो : लोक म्हणतील, बघा, आम्ही म्हणत हुतो. अक्कल गुडघ्यातच हुती. ह्या वयात ते ऐकायची ताकद न्हाई माझ्यात.

अर्जुना : कोन म्हनतंय त्ये बगतोच मी. तुमी नका मनाला लावून घिऊ. वस्ताद, चा थंड झाला.

नानासो : असू दे. गाडी तळव्यानं रेटत आणली, पण कप धरता येत न्हाई अजून, बोटं वळत न्हाईत.

सुलाबाई : द्या हिकडं, बशीत वतते. दोनी तळव्यात धरा. असं.

नानासो : वहिनी…

सुलाबाई : प्या. तुमी आगीत हात घातलासा त्ये मी इसरले न्हाई. मी डाळिंबाच्या बागंत हुते. इमान वड्याकडं गेलं, वाकडं झालं, आनि मग नुसता धूर. मी पळत गेले तवर तुमी त्येला भाईर काडला हुता. तिथं तरनी पोरं उबी हुती, बगत. तुमी या वयात आत शिरलासा. मला तुमी त्वांड बगू दिलं न्हाई. पदर धरून मागं वडलंसा.

नानासो : बघण्यासारखं न्हवतं.

सुलाबाई : बोलत हुता का?

नानासो : न्हाई. मी हाक मारली. काय न्हाई.

अर्जुना : सुले, पुरं कर आता. वस्ताद, तुमी निवांत जावा. उद्या मी सांगतो सायबास्नी. ख्यालीखुशाली इच्यारली, पाऊसपान्याचं इच्यारलं, मेंढरं कुटवर आली इच्यारलं. माजा जबाब झाला की झालं. ह्या घरात मी बोलीन त्येच.

नानासो : अर्जुना, एक सांगू? काल माणसांत तुला बोलता आलं नसंल, म्हणून आज वाटंत येताना मी ठरवून आलो हुतो, तू अंगावर येशील. येऊ दे, मार खायचा, हात उचलायचा न्हाई. तुझा एकुलता एक गेलाय, गड्या. आणि तू मला दारात बघून पाया पडायला वाकलास.

अर्जुना : तुमच्या अंगावर? मेंढरामागनं उचलून न्हेलंसा मला. घरात दूद बगायला मिळत न्हवतं, तुमी बदाम चारलंसा. ह्यो माळ रिकामा पडला हुता, धावपट्टीवर राकन म्हनून ठिवलंसा, पोटाला लावलंसा. अंगावर कसा ईन?

नानासो : धनाजीच्या नावानं काय तरी करायचं मनात हाय माझ्या. दर वर्षाला हितं आटपाडीला कुस्त्यांचं मैदान भरवायचं. मोठ्या कुस्तीला चांदीची गदा. धनाजी केसरी. आणि चौथं विमान हुईल त्याच्यावर त्याचं नाव.

अर्जुना : लय मोटी गोष्ट झाली, वस्ताद.

सुलाबाई : इमानावर नाव घालू नका.

नानासो : का?

सुलाबाई : परत पडलं तर?

अर्जुना : काय बोलतीस तू!

सुलाबाई : बोलते त्ये खरं हाय. आनि मैदान बी नको. परत मानसं जमवनार, परत कोन तरी पोरगं आयत्या वक्ताला म्हननार मला आज नको, आनि परत तुमी दोगं त्येला ढकलनार. नाव माज्या लेकाचं.

नानासो : वहिनी, तुम्ही लय टोकाचं बोलताय.

सुलाबाई : नाना, तुमी म्हनलासा, ह्ये तुमच्या अंगावर का आलं न्हाईत. त्येचं नवल वाटलं तुमास्नी. मला न्हाई वाटलं. का त्ये सांगू?

अर्जुना : सुले.

सुलाबाई : तुमी सांगतासा का मी सांगू?

अर्जुना : आत जा तू. जा म्हनतो न्हवं.

(अर्जुना उठून उभा राहतो. सुलाबाई बसल्या जागची हलत नाही.)

नानासो : बस अर्जुना. काय हाय, वहिनी?

सुलाबाई : कुस्तीनं ह्यांचं कान चुरगाळल्यालं, कमी ऐकू येतंय. फोनचा आवाज मोटा करून बोलत्यात. म्हनून मला दोनी बाजूचं ऐकू आलं. धना म्हनला, आबा, वस्ताद ऐकना झाल्यात. तुमी सांगून बगा. तुमचं ऐकत्याल. शेपटाकडं काय तरी ढिलं हाय, आज उडवायचं न्हाई मला.

नानासो : मग?

सुलाबाई : त्येंचंच त्येंस्नी सांगू द्या.

नानासो : अर्जुना?

अर्जुना : म्हनलो मी.

नानासो : काय म्हणालास?

अर्जुना : म्हनलो, वस्तादानं जोड लावली. लांबलांबनं मानसं आली. आता हात दिला, माघार न्हाई. माजा खांदा निखळला हुता तरी मी उतरलो. तू माजा ल्योक हाईस का कुनाचा?

सुलाबाई : अजून ऱ्हायलं.

अर्जुना : सुले, पाया पडतो तुज्या.

सुलाबाई : तुमी पडू नका माज्या पाया. म्हनलासा, खाली मान घालून येनार असशील तर घरला येऊ नको.

नानासो : असं म्हणालास?

अर्जुना : म्हनायची रीतच हाय की वस्ताद. माजा बा मला असंच म्हनला हुता. समदीच म्हनत्यात मैदानाला जाताना. खरंच येऊ नको असं कोन म्हनतंय का? पोरानं इरंला पेटावं म्हनून म्हनत्यात.

नानासो : अरे, मग मला एक फोन करायचास. एक फोन. तुझा शब्द मी टाकला असता का?

अर्जुना : केला असता तर तुमी काय म्हनला असता?

नानासो : ही बशी घे आधी हातातनं.

अर्जुना : सांगा की. तुमी सांगा. मी फोन केला असता, वस्ताद, पोरगा नको म्हनतोय. तर काय म्हनला असता तुमी?

नानासो : म्हणालो असतो, अर्जुना, तू म्हातारा झालास.

अर्जुना : मग.

नानासो : पाणी द्या, वहिनी, थोडं.

सुलाबाई : घ्या.

नानासो : मला वाटत हुतं हे माझ्या एकट्याच्याच छातीवर हाय. झोप लागत न्हाई मला. डोळा मिटला की तो म्हणतो, मी विमानाचं सांगतोय. अर्जुना, तू कसा झोपतोस?

सुलाबाई : झोपत न्हाईत. उटत्यात आनि माळावं जाऊन बसत्यात, धावपट्टीच्या तोंडाशी. मी हाक मारून आनते.

नानासो : वहिनी, मग तर तुम्हीच विचार करा. माझं सोडा. हे उद्या साहेबांपुढं गेलं, तर उद्याच गावभर झालं. बापानंच पोराला मरणात ढकललं म्हणतील. अर्जुनाला चावडीवर तोंड दाखवता येईल का? आता तुम्हाला दोघांनाच दिवस काढायचेत.

सुलाबाई : इचार केला. दिवस घातलं, पिंडाला कावळा शिवंना, तवापास्नं त्योच इचार केला. ह्यांच्याकडं बगितलं की वाटायचं, गप बसावं. गेल्याला गेला, ऱ्हायल्याला तरी ऱ्हाऊ दे. तुमी आज आला नसता तर मी गप बसले बी असते.

नानासो : मग मी काय असं केलं?

सुलाबाई : तुमी म्हनलासा, अंदाज चुकला असं ल्हिवत्याल. तवर मला वाटत हुतं, कुनाचंच नाव यायचं न्हाई. इमान पडलं, आमचं नशीब फुटलं. पन तसं न्हाई. नाव येनार हाय. आनि तुमा दोगांचं झाकायचं तर त्येचंच येनार.

अर्जुना : त्यो आता कुटं बगायला येनार हाय, सुले? मेल्याला कशाची लाज? लाज जित्याला असती. आमास्नी हाय.

सुलाबाई : तुमच्या तोंडात ह्ये कसं आलं?

अर्जुना : आलं.

सुलाबाई : त्यो बगायला येनार न्हाई म्हनूनच मला बगाय पायजे.

नानासो : वहिनी, जरा शांत डोक्यानं…

अर्जुना : वस्ताद, थांबा. ती म्हनती त्ये बरोबर हाय. उद्या मीच सांगतो. समदं सांगतो. माजं बी, तुमचं बी.

नानासो : अर्जुना.

अर्जुना : काय?

नानासो : काय न्हाई. तुझं तू बघ.

अर्जुना : म्हंजी, तुमचं म्हननं काय हाय? आदी तुमचं काय ठरतंय…

सुलाबाई : बगितलंसा?

अर्जुना : काय?

सुलाबाई : सांगतो म्हनलासा आनि लगीच त्येंच्या तोंडाकडं बगितलंसा. नगं. उद्या तुमी बोलू नका.

नानासो : उद्या मी हितं नसणारच, वहिनी.

सुलाबाई : तुमी नसला तरी ह्ये तुमच्याकडंच बगत्याल. तुमी कोरेगावात असला तरी ह्ये हितनं बगत्याल. आखाड्यात असं उबं ऱ्हायचं, मांडीवं हात मारायचा आनि वस्तादाकडं बगायचं. जन्म गेला त्यात, आता मान वळायची न्हाई दुसरीकडं.

अर्जुना : मग मी काय करू, सुले?

सुलाबाई : मेंढरं घिऊन जावा. सायब जाईपतोर येऊ नका.

नानासो : आणि तुम्ही सांगणार.

सुलाबाई : मी सांगनार.

नानासो : काय पायजे तुम्हाला, वहिनी? सरळ सांगा. मला जेलात बघायचंय? कारखाना मोडायचाय? सांगा, मी तसं करतो. माझ्या हातानं कुलूप लावतो.

सुलाबाई : तुमी जेलात गेला काय आनि कारखान्यात बसला काय, माज्या दारात मोटारसायकल यायची बंद झाली ती झालीच. मला कुनाचं वाईट करायचं न्हाई. तुमचं तर न्हाईच. तुमचं हात बरं व्हावंत म्हनून बिरोबाला नवस बोलले मी. खोटं वाटंल.

नानासो : न्हाई वाटत.

सुलाबाई : मी सायबास्नी येवडंच सांगनार, त्येचा अंदाज चुकला न्हाई. त्येचा अंदाज बरोबर हुता. त्यानं न्हाई म्हनलं हुतं. वस्तादास्नी म्हनलं, मग बाला म्हनलं. दोगांनी बी ऐकलं न्हाई, म्हनून त्यो उडाला. त्येवडं ल्हिवा म्हननार. बाकी तुमास्नी काय ल्हिवायचं त्ये ल्हिवा.

अर्जुना : आनि मी गावात कसा फिरू?

सुलाबाई : खाली मान घालून फिरा. तसं बी घरला येता येतंय. मी दार उगडीन.

नानासो : अर्जुना, उठव मला. हाताला धरू नको, दंडाला धर. निघतो मी.

अर्जुना : चला, गाडीपतोर येतो.

नानासो : वहिनी, एकच विचारू? त्या फोनमधी तुमच्याशी बोलला का तो?

सुलाबाई : न्हाई. ह्यांनी येऊ नको म्हनलं त्येला. मग म्हनला, आय हाय का तितं? ह्यांनी सांगितलं, हाय की, भाकरी करती. मी ऐकलं, उटले, पिटाचं हात धुतलं. तवर फोन बंद झाला हुता. उद्या मी चुलीकडं बसनार न्हाई.